विश्लेषण : हनिमूनची युरोप क्रूझ निवडताना देश मोजायचे की तास?

‘सात रात्री, पाच शहरे, तीन देश’ हे जाहिरातीत ठळक असते. बंदरापासून शहर किती लांब आणि तिथे प्रत्यक्ष किती तास मिळणार, हे मात्र शोधावे लागते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातल्या नवदाम्पत्यांनी क्रूझचा मार्ग कसा पारखावा?

तुळशीचे लग्न लागले की कल्याणपुढच्या स्थानकांबाहेरची लगबग बदलते. उल्हासनगरच्या कापडबाजारात बस्ता बांधायला आलेली कुटुंबे दिसू लागतात, अंबरनाथ-बदलापुरातल्या सभागृहांच्या तारखा भरतात आणि लग्नखर्चाच्या वहीत हॉल, केटरर, दागिने यांच्या खाली आणखी एक ओळ येते : हनिमून. एकेकाळी या ओळीसमोर महाबळेश्वर किंवा गोवा असे. मग मनाली, केरळ आले, त्यानंतर थायलंड, बाली. आता ट्रॅव्हल एजंटच्या टेबलावर युरोपच्या क्रूझची पत्रके असतात आणि ती उचलणाऱ्या जोडप्यांत दोघेही नोकरी करणारी, रोज लोकलने मुंबई-ठाणे गाठणारी मंडळी असतात.

या पत्रकांत अडचण एकच असते. दोन मार्गांची तुलना करताना नजर आपसूक शहरांच्या आणि देशांच्या नावांवर जाते. जिथे नावे जास्त, तो सौदा चांगला, असा हिशेब होतो. हनिमूनसाठी हा हिशेब चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रूझचा मोह पडतो तो कशामुळे?

मोह अगदीच अनाठायी नाही. युरोपची बस टूर म्हणजे रोज नवे हॉटेल, रोज बॅगा भरणे आणि पहाटेचा वेक-अप कॉल. क्रूझमध्ये बॅग एकदाच उघडायची. रात्री जहाज चालते, सकाळी खिडकीबाहेर नवे गाव असते. राहणे, मुख्य जेवण आणि संध्याकाळचे कार्यक्रम भाड्यातच येतात. त्यामुळे महागड्या युरोपात खर्चाचा मोठा भाग आधीच ठरून जातो. शाकाहारी जेवण मिळते. जैन जेवण हवे असेल तर बहुतेक कंपन्यांना आधी कळवावे लागते. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या जोडप्याला ही सोय सुरक्षित वाटते, आणि ती बऱ्याच अंशी तशी असतेही.

पण जहाज म्हणजे चालते हॉटेल आहे, तसेच ते वेळापत्रकावर चालणारे वाहनही आहे. आणि वेळापत्रकाचा अर्थ या पट्ट्यातल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही.

पत्रकातले ‘रोम’ म्हणजे नेमके कुठे?

रोमला समुद्र नाही. क्रूझच्या मार्गात ‘रोम’ लिहिलेले असते तेव्हा जहाज लागते ते चिविताव्हेक्किया नावाच्या बंदरात. तिथून रोम सुमारे ७० किलोमीटरवर. बदलापूर ते सीएसएमटी हे रेल्वेचे अंतर ६८ किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे बदलापूरच्या फलाटावर उतरवून ‘हे बघा मुंबई’ म्हणण्यासारखा हा प्रकार आहे.

‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो बंदर, तिथून फ्लोरेन्स सुमारे ९० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, अंतर २०० किलोमीटरच्या घरात. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचे वार्नेम्युंडे, तेही बर्लिनपासून २०० किलोमीटरहून लांब. व्हेनिसची गोष्ट तर आणखी वेगळी. १ ऑगस्ट २०२१पासून इटलीने मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जाणाऱ्या कालव्यात बंदी घातली. त्यानंतर अनेक जहाजे रॅव्हेन्ना किंवा त्रिएस्तेला थांबतात आणि पत्रकावर मात्र ‘व्हेनिस’ हे नाव मोठ्या अक्षरांत, बंदराचे नाव कंसात बारीक अक्षरांत येते. रॅव्हेन्ना ते व्हेनिस हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे.

यात कोणी खोटे बोलत नाही. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ असे लिहिणारा बिल्डरही काटेकोर अर्थाने खोटे बोलत नसतो. ती पाच मिनिटे रिक्षाची, रात्री बाराची आणि पाऊस नसतानाची असतात. घर घेताना आपण प्रत्यक्ष चालून पाहतो. क्रूझ घेताना तेच नकाशावर करायचे आहे.

मग शहरात प्रत्यक्ष किती वेळ मिळतो?

एक साधे उदाहरण घेऊ. जहाज सकाळी ७ वाजता चिविताव्हेक्कियाला लागते आणि संध्याकाळी ७ वाजता सुटते. कागदावर १२ तास. उतरण्याची रांग, बंदराबाहेर जाणारी बस यात ८ वाजतात. रोमपर्यंत दीड तास धरला तर साडेनऊ. जहाज सुटण्याआधी साधारण अर्धा ते एक तास सर्वांनी परत यावे लागते, म्हणून ६ची वेळ पाळायची तर रोममधून साडेचारला निघायचे. हाती उरले ७ तास. त्यात जेवण, रांगा आणि वाहतूक कोंडीची भीती वजा केली की पाच ते सहा. व्हॅटिकन आणि कोलोसियम दोन्ही पाहायची तर ती धावपळच.

जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ६ थांबणार असेल, तर लिव्होर्नोहून फ्लोरेन्ससाठी याच हिशेबाने उरतात पाच तास.

आणि उशीर झाला तर? जहाजाच्या कंपनीकडून घेतलेल्या सहलीची बस उशिरा आली तर पुढची जबाबदारी कंपनी घेते, बहुधा जहाज थांबते. स्वतःच्या भरवशावर गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावे लागते. शेवटची कर्जत गाठण्यासाठी दादरचा पूल धावत उतरलेल्यांना त्या दिवसाच्या उत्तरार्धात मनावर काय ताण असतो, याची कल्पना यावी. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात हा ताण एकदा चालेल, सात दिवसांत पाचदा नको.

समोर मुख्य मार्ग कोणते असतात?

ढोबळमानाने चार.

पहिला, पश्चिम भूमध्य समुद्र. बार्सिलोना, मार्से, जिनोव्हा, रोम, नेपल्स किंवा पालेर्मो अशी फेरी. सर्वाधिक जहाजे, म्हणून भाडे तुलनेने कमी. काही कंपन्यांच्या जहाजांवर या फेरीत कुठल्याही मोठ्या बंदरातून चढता येते, त्यामुळे विमानाचे स्वस्त तिकीट पाहून सुरुवातीचे शहर ठरवता येते. पण रोज एक बंदर, रोज पहाटेची घाई. बार्सिलोना आणि नेपल्सची बंदरे शहरालगत आहेत, हा दिलासा. माल्टाची राजधानी व्हॅलेटा मार्गात असेल तर ती फेरी नक्की विचारात घ्यावी. तिथे जहाज तटबंदीच्या पायथ्याशीच लागते आणि लिफ्टने वर गेले की गाव सुरू होते. माल्टात सिंधी व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्थायिक आहेत, त्यामुळे उल्हासनगरच्या एखाद्या घराला तिथे ओळखीचे आडनावही दिसेल.

दुसरा, ग्रीस आणि एड्रियाटिक. सँटोरिनी, मिकोनोस, डुब्रॉव्हनिक, कोटोर. हनिमूनच्या पत्रकांवर छायाचित्र बहुतेकदा याच मार्गाचे असते. सँटोरिनीत मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटीने उतरायचे, मग केबल कारची रांग किंवा सुमारे सहाशे पायऱ्या. गर्दी आवरण्यासाठी तिथे क्रूझच्या प्रवाशांवर दिवसाला ८ हजारांची मर्यादा आणली गेली आहे. जुलै २०२५पासून ग्रीसने सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर ऐन हंगामात माणशी २० युरोचा आकारही लावला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात जोराचे उत्तरेचे वारे वाहतात. छोट्या बोटी चालवता आल्या नाहीत तर कप्तान ते बंदर गाळू शकतो. अशा वेळी सहसा बंदराचे शुल्क तेवढे परत मिळते, सँटोरिनी मिळत नाही. पायरिअसहून अथेन्सचे अ‍ॅक्रोपोलिस मात्र मेट्रोच्या अंतरावर आहे.

तिसरा, नॉर्वेचे फिओर्ड. मे ते सप्टेंबर हा त्याचा हंगाम. इथे शहरे कमी, डोंगर आणि पाणी जास्त. जहाज गायरांगर फिओर्डमध्ये शिरते तेव्हा डेकवर उभे राहणे हेच स्थलदर्शन असते. फ्लोम या चिमुकल्या गावाच्या धक्क्यावरूनच डोंगरात चढणारी रेल्वे सुटते. लांबी सुमारे २० किलोमीटर. नेरळ-माथेरानची गाडी जवळजवळ तेवढीच लांब आहे आणि ती १९०७पासून आपल्या तीन स्थानके पुढे उभी आहे, हेही या निमित्ताने आठवावे. बर्गनमध्ये जुना लाकडी घाट बंदरापासून चालत गाठता येतो. अडचण थंडीची, पावसाची आणि भाड्याची. हा मार्ग बहुधा भूमध्यपेक्षा महाग पडतो.

चौथा, ऱ्हाईन किंवा डॅन्यूब नदीतली क्रूझ. जहाज छोटे, प्रवासी साधारण दीडशे ते दोनशे. नदीकाठची शहरे जहाजाला खेटून. कोलोनमध्ये उतरले की कॅथेड्रल समोर दिसते. व्हिएन्ना, बुडापेस्टची संध्याकाळ डेकवरून पाहता येते. अनेक कंपन्या रोजची सहल भाड्यातच धरतात. पण भाडे मुळात जास्त, सहप्रवासी बहुतेक निवृत्त वयाचे, रात्री दहानंतर शांतता. काहींना ही उणीव वाटेल, काहींना हीच पर्वणी. २०१८ आणि २०२२च्या उन्हाळ्यात ऱ्हाईनचे पाणी इतके उतरले होते की काही टप्पे बसने पार करावे लागले, हे लक्षात ठेवावे.

लग्नाची तारीख आणि समुद्राचा हंगाम जुळतो का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे मुहूर्त तुळशीविवाहानंतर सुरू होतात. पौष टाळणारी घरे मार्गशीर्षात किंवा माघात लग्न उरकतात, बाकीची एप्रिल-मेची वाट पाहतात. भूमध्य समुद्राचा चांगला हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. ग्रीसची बेटे हिवाळ्यात अर्धी बंद असतात. पश्चिम भूमध्य समुद्रात जानेवारीतही जहाजे फिरतात आणि तेव्हाचे भाडे पाहून मन मोहून जाते. पण थंड वारा, लहान दिवस आणि खवळलेला समुद्र त्या भाड्यातच आलेला असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात नदीतल्या क्रूझ नाताळच्या बाजारांसाठी निघतात, हिवाळ्यातल्या लग्नांसाठी तो त्यातल्या त्यात बरा पर्याय.

मे महिन्यातल्या लग्नाला हवामान अनुकूल, पण व्हिसा केंद्रांत तेव्हा सर्वाधिक गर्दी. म्हणून डिसेंबरात लग्न झालेल्यांनी लगेच जाण्याचा हट्ट सोडून मे किंवा सप्टेंबरचा विचार करावा. हनिमून सत्यनारायणाच्या पूजेच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाला पाहिजे, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. मधले चार-पाच महिने पैसे साठवायला, रजा मंजूर करून घ्यायला आणि एकमेकांच्या सवयी कळायलाही उपयोगी पडतात.

व्हिसात जोडपी कुठे अडकतात?

शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४पासून प्रौढ व्यक्तीला ९० युरो आहे, म्हणजे दोघांचे १८०. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. अर्ज जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, दिवस समान असतील तर जिथे पहिले पाऊल पडणार त्या देशाकडे. विमानाचे तिकीट बार्सिलोनाचे असले तरी फेरीत इटलीचे दिवस जास्त असतील तर अर्ज इटलीकडे जातो. एजंटने घाईत सोपा देश निवडलेला नाही ना, हे पाहावे.

दुसरी गाठ प्रवेशांच्या संख्येची. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे, पण मॉन्टेनेग्रोचे कोटोर आणि तुर्की त्याबाहेर. जहाज तिथे थांबून पुन्हा ग्रीस किंवा इटलीत येणार असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. नॉर्वेच्या अनेक क्रूझ इंग्लंडच्या साउथॅम्प्टनहून सुटतात. नॉर्वे शेंगेनमध्ये, इंग्लंड बाहेर. म्हणजे दोन वेगळे व्हिसा, दोन शुल्के. तीच फेरी हॅम्बुर्ग, कील किंवा कोपनहेगनहून घेतली तर एक व्हिसा वाचतो.

तिसरी गाठ अगदी घरगुती. लग्नात मुलीचे आडनाव बदलते, काही घरांत नावही बदलते. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा असतो. तो तसाच चालतो. फक्त विमान, क्रूझ, व्हिसा, विमा सगळीकडे पासपोर्टवरचेच नाव हवे. बुकिंग झाल्यावर उत्साहाने पासपोर्टवर नाव बदलायला टाकले तर प्रवास हुकू शकतो. तो बदल परतल्यावर करावा.

खरा खर्च किती?

पत्रकावरचे भाडे माणशी आणि दोघे एका केबिनमध्ये धरून असते. त्यात सहसा विमान नसते. सेवकांसाठी रोजचा सेवाआकार वेगळा लागतो, तो बहुतेक जहाजांवर माणशी दिवसाला १० ते २० युरो किंवा डॉलरच्या दरम्यान असतो. इंटरनेट, पेये, किनाऱ्यावरच्या सहली, जहाज सुटण्याआधीची एक रात्र हॉटेलमध्ये, हे सगळे वर. ती एक रात्र मात्र वाचवू नये. विमान उशिरा आले तर जहाज निघून गेलेले असते.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. त्याचे दर गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम बुडत नाही. ती पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना करातून वळती होते किंवा परत मिळते. तोपर्यंत मात्र ती खिशातूनच जाते.

आता कर्जाबद्दल. चार लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १३,६७० रुपये येतो आणि व्याजापोटी जवळपास ९२ हजार जातात. बदलापूर-अंबरनाथमध्ये घर घेणाऱ्या अनेक जोडप्यांचा गृहकर्जाचा हप्ता आधीच चालू असतो. हनिमूनच्या सात दिवसांसाठी ३६ महिने हप्ता भरणे हा संसाराचा पहिला आर्थिक निर्णय असावा का, याचे उत्तर दोघांनी मोकळेपणाने एकमेकांना द्यावे. अनेकदा ‘आता बोललो तर वाईट दिसेल’ म्हणून एक जण गप्प बसतो आणि दुसरा त्या गप्प बसण्याला होकार समजतो. खर्च सासर-माहेरकडून येत असला तरी मार्ग ठरवताना दोघांनाच बसू द्यावे.

मग निवड कशी करावी?

प्रत्येक बंदरासमोर तीन आकडे लिहावेत : जहाज थांबण्याचे तास, शहराचे अंतर, आणि दोन्ही वजा जाता उरणारा वेळ. उरलेला वेळ पाच तासांच्या आत असेल तर ते शहर ‘पाहिले’ असे धरू नये, त्या दिवशी बंदराच्या गावातच फिरावे. सात रात्रींत निदान एक पूर्ण दिवस समुद्रात असलेला मार्ग चांगला. निदान तीन बंदरे अशी हवीत, जिथे उतरून चालत किंवा मेट्रोने गावात जाता येते. केबिन शक्य तर बाल्कनीची घ्यावी आणि त्यासाठी एखाद्या देशाचे नाव कमी झाले तरी चालेल. रोम आणि फ्लोरेन्स मनापासून पाहायची असतील, तर क्रूझ सोडून रेल्वेने इटली करावी. तिथल्या वेगवान गाडीने ही दोन शहरे सुमारे दीड तासाच्या अंतरावर आहेत.

समुद्र लागतो का, हे ठाऊक नसेल तर पावसाळा सोडून मुंबईहून गोव्याकडे जाणारी दोन रात्रींची क्रूझ आधी करून पाहावी. बॅलार्ड पिअरला सप्टेंबर २०२५मध्ये नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले आहे आणि ते सीएसएमटीपासून जवळ आहे. त्या दोन रात्रींत जमले नाही, तर युरोपचे काही लाख वाचतील.

यावर एक आक्षेप येईल : इतक्या लांब, इतका खर्च करून जायचे, पुन्हा कधी जमेल सांगता येत नाही, मग जास्तीत जास्त का पाहू नये? आक्षेप खरा आहे. ज्यांना पाहण्याचीच ओढ आहे, त्यांनी भरगच्च मार्ग खुशाल घ्यावा. पण इथली बहुतेक जोडपी सकाळची लोकल धरण्यासाठी वेगवेगळ्या वेळी घर सोडतात आणि रात्री उशिरा जेवणाच्या ताटावर भेटतात. त्यांच्याकडे वर्षभर कमी पडतो तो एकत्र वेळ. तो विकत घ्यायलाच तर ते निघालेले असतात. तिथेही गजर, रांग आणि ‘सुटली का?’ ही धाकधूक घेऊन जायचे कशाला?

तेव्हा एजंटसमोर बसल्यावर ‘किती देश?’ विचारण्याआधी ‘बंदराचे नाव काय, शहर किती लांब, जहाज किती वाजता सुटते आणि व्हिसा किती?’ हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे लेखी घ्यावीत. ती देता आली नाहीत, तर स्टेशन रोडवर पुढे आणखी दुकाने आहेत.